झुंबरबाईंची त्रेचाळीस पत्रं

पुणे,
१० फेब्रुवारी २०२५

चि. विश्वजित यास,

क्रांतीताईचे आशीर्वाद. एरवी मी 'अनेक उत्तम' लिहिते. या वेळी नुसतेच.

आक्कानं हुकूम काढला म्हणून हे पत्र. शुक्रवारी आपण फोनवर एकमेकांना जे काही बोललो ते तिनं तुझ्या शेजारी बसून ऐकलं, आणि मग तुझ्या हातातून फोन काढून घेऊन मला म्हणाली की आजपासून तुम्ही दोघांनी फोनवर बोलायचं नाही, लिहायचं. लिहिताना शिवी द्यायची झाली तर हात थांबतो. आबांची थोरली बहीण, सत्त्याहत्तर वर्षांची. तिचं ऐकायलाच हवं. पण माझा हात थांबत नाही हे तिला माहीत नाही.

कुटुंबाच्या ग्रुपवर तू टाकलेला फोटो मी मोठा करून करून पाहिला. टेबलावर ओळीनं मांडलेली पणजीची कागदपत्रं, सगळी प्लास्टिकमध्ये, वर ट्यूबलाइटची चमक. खाली तू लिहिलंयस की आता शंभर वर्षं काही होत नाही. त्याखाली वर्षाराणीचा टाळ्या वाजवणारा हात, आणि तिच्या माहेरच्या सहा जणांचे अंगठे.

विश्वजित, गेली सोळा वर्षं मी जुने कागद दुरुस्त करून पोट भरते. कोणत्याही घरी गेले की मी पहिलं वाक्य हेच बोलते, की लॅमिनेशन करू नका. गरम प्लास्टिक कागदाच्या आत शिरतं, ते परत निघत नाही. सोलायला गेलं तर शाई प्लास्टिकबरोबर येते आणि हातात कोरा चिटोरा राहतो. ठेवलं तर कागद आतल्या आत पिवळा पडत कुजतो. आबा गेल्यावर मी तुझ्याकडं काय मागितलं होतं? जमीन मागितली नाही, आईच्या पाटल्या मागितल्या नाहीत. पणजीच्या ट्रंकेला हात लावू नकोस, मे महिन्यात मी खोकी घेऊन येते, एवढंच म्हणाले होते.

आणि आता खरी गोष्ट. परवान्याची वरची पट्टी कुठं आहे? ज्या झुंबरबाईच्या नावानं तू पाडव्याला राजारामपुरीत हॉटेल उघडतोयस, ती गंगावेशीत देशी दारूचा गुत्ता चालवत होती. पुढं गुत्ता, मागं पडवी. गाडीवानांनी प्यायचं, जेवायचं, तिथंच झोपायचं. नवरा मेल्यावर तिनं कोल्हापूर दरबारातून स्वतःच्या नावानं परवाना काढला. तुझ्या फोटोत परवाना 'झुंबरबाई' या शब्दापासून सुरू होतो. त्याच्या वर 'देशी दारू विक्री' छापलेलं होतं. मी लहानपणी बोटानं गिरवलंय ते. कात्रीची कड फोटोत स्पष्ट दिसते, आणि ती तिरकी आहे. कापायचंच होतं तर सरळ तरी कापायचंस.

आक्काला या पत्राची प्रत पाठवते आहे. तुझी तब्येत, हॉटेलचं फर्निचर, सगळं ठीक असेल असं धरून चालते.

माया आहे, पण ती या पत्रात शोधू नकोस.
क्रांती

*

कोल्हापूर,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

विश्वजितचा नमस्कार. वाकून केलाय, उगाच शंका नको.

तुझं पत्र वर्षाराणीनं मोठ्यानं वाचलं, तिच्या अंगठ्यांचा भाग आला तिथं थांबली, आणि आत निघून गेली. तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडून सांगतो की तिच्या माहेरच्या माणसांनी अंगठे दिले ते कौतुकानं दिले. तुझ्यासारखं खोट काढायला त्यांना शिकवलेलं नाही.

तुला काय माहीत ट्रंकेची अवस्था? दर खंडेनवमीला पाट मांडून ती पत्रं बाहेर निघतात. आबा आणि आक्का पाणी शिंपडणार, हळद, कुंकू, वर ओला झेंडू. संध्याकाळी तसंच गुंडाळून आत. साठ वर्षं हे चाललंय. पत्रं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली, पाणी पडलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. आबा होते तेव्हाच दोन पत्रं एकमेकांना अशी चिकटली होती की पापड वाटावेत. झेंडूच्या पाकळ्या कागदावर छापल्यागत बसल्यात. कसर लागलेली. हे मी बघत बसायचं, आणि तू मे महिन्यात खोकी आणणार! मागच्या मे महिन्यात पण आणणार होतीस. तू दोन दिवस येतीस, मिसळ खातीस, आर्द्रता किती हाय विचारतीस आणि जातीस. मी आर्द्रतेत राहतो, ताई.

दुकानदाराला मी विचारलं की जुनं आहे, चालेल ना. तो म्हणाला, साहेब, लोक सात-बारे करून घेतात. मला काय कळणार?

पट्टी मी कापली. खोटं बोलत नाही. तिथं बायका-पोरं घेऊन लोक जेवायला येणार. दारात उभं राहिल्या राहिल्या 'देशी दारू' वाचून पाठ फिरवली तर? वर्षाराणीचे वडील गावचे सरपंच, त्यांना मी काय सांगू? पणजीचा मला अभिमान आहे म्हणून तर तिचं नाव दिलं. नाव देणं आणि तिची भानगड भिंतीवर टांगणं यात फरक आहे.

आणि फोटो एवढा मोठा करून पाहिलास तर मोजलीस पण असशील. पत्रं अकराच आहेत. ट्रंकेत तेवढीच होती.

शेवटचं. लोकांच्या घरची मोडी पत्रं तू वाचून देतीस, त्याचे कार्यक्रम होतात, शाल मिळते. आमच्या घरात मोडी येणारी तू एकटी. आमची कधी वाचलीस?

पाडव्याला ये. जेवायला तरी ये, नातं तेवढ्यानं तुटायचं नाही.
विश्वजित

*

पुणे,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. विश्वजित,

आशीर्वाद लिहायचा म्हणून लिहिला.

अकरा? बारावीच्या सुट्टीत आबांनी मला ट्रंक उघडून दिली होती आणि जमिनीवर चादर अंथरून मी एकेक पत्र मोजलं होतं. त्रेचाळीस होती. तू बाहेर क्रिकेट खेळत होतास, म्हणून तुला आठवत नसेल. त्रेचाळीस आणि परवाना. आबांनी स्वतःच्या हातानं ट्रंकेच्या झाकणाच्या आतून खडूनं आकडा लिहिला, तो अजून असेल, जा बघ.

बत्तीस पत्रं कुठं गेली? तुझ्या हॉटेलची सजावट करणारा तो माणूस, ज्यानं तुला जुनी बैलगाडीची चाकं आणून दिली, त्याला जुन्या कागदांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. मोडी अक्षर चौकटीत घालून पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत विकतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तू विकलीस म्हणत नाही. तू दिलीस का, एवढं विचारते. नुसती हौसेनं, चार चाकांच्या बदल्यात. तू तसा आहेस. तुला कुणी गोड बोललं की तू अंगातला शर्ट काढून देतोस. पण हा शर्ट तुझा नव्हता.

झुंबरबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिच्या पडवीत राहिलेल्या माणसांनी आपापल्या गावी जाऊन, कुणाकडून तरी लिहून घेऊन, तिला पत्रं धाडली. गुत्तेवालीला कोण पत्र लिहितं, विश्वजित? त्रेचाळीस वेळा लिहिलं लोकांनी. तिनं ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि एकही फेकलं नाही. दारूबंदी आली, गुत्ता गेला, नुसती खाणावळ उरली, तरी तिनं ती ट्रंक सोडली नाही. आपल्याकडं तिचं दुसरं काही नाही. तिची साडी नाही, फोटो नाही. तू म्हणतोस भानगड. तुझ्या आजोबांची शाळा त्या भानगडीतून झाली, आणि तुझं हॉटेल त्यातूनच उरलेल्या खाणावळीतून उभं राहिलं.

वाचली का विचारतोस. नाही वाचली. त्याचं उत्तर मी तुला देणं लागत नाही, स्वतःला देईन.

पट्टी जोडेपर्यंत आणि बत्तीस पत्रांचा हिशेब लागेपर्यंत मी कोल्हापुरात पाय ठेवणार नाही. पाडव्याला माझं पान मांडू नकोस.

वर्षाराणीला सांग, अंगठ्यांबद्दल मी चुकले. तेवढंच.
क्रांती

*

राधानगरी,
१ मार्च २०२५

चि. क्रांती आणि चि. विश्वजित या दोघांस्नी,

आक्काचा आशीर्वाद. एकाच कागदावर दोघांना लिवती. झेराक्स काढून दोन्हीकडं धाडायला सांगितलंय.

म्हस व्याली, रेडकू झालं. काकवीची बरणी विश्वजितच्या घरी ठिवलीया, त्यातली निम्मी क्रांतीची हाय, खाऊन टाकू नगासा. आता कामाचं.

क्रांते, भावाला चोर म्हणालीस. कागदावर म्हणालीस. कागद मरत न्हाय असं तूच सांगतीस न्हवं? मग हे बी मरायचं न्हाय. त्यानं काय बी विकलं न्हाय, कुणाला काय बी दिलं न्हाय. त्या बत्तीस चिठ्ठ्या मी न्हेल्या.

आबाचं तेरावं झालं, तू पुण्याला पोचलीस आणि मला फोन केलतास. आठवतंय का? म्हणालीस, आक्का, ट्रंक उघड, खराब झालेली पत्रं वेगळी काढ, चांगल्यांबरोबर ठेवू नको, एकाची कीड दुसऱ्याला लागती. मी बसून वेगळी काढली. चांगली अकराच निघाली. बाकीची फाटलेली, चिकटलेली, कसरीनं चाळण झालेली. आता मला सांग, आपल्यात पोथी फाटली, तसबिरीची काच फुटली, तर काय करत्यात? केरात टाकत्यात व्हय? का तशीच फुटकी पुजत्यात? नदीला देत्यात. तू वेगळी काढ म्हणालीस, मी वेगळी काढली, आणि जे करायचं असतंय ते केलं. एष्टीत मांडीवर घेऊन आलते. भोगावती नदीत उतरून, हळदकुंकू वाहून, एकेक करून सोडली. बत्तीस. माझं पाय पाण्यात गारठून गेलतं, तरी एकदम सोडली न्हाईत. आजीला सोडत होते मी. साठ वरसं आजीच्या फोटूच्या जागी पाटावर बसलेली ती. आबाच्या मागोमाग तिला बी पोचवलं असं वाटलं, आणि घरी येऊन पोटभर रडले.

तू मला ठेवून दे म्हणाली असतीस तर ठेवली असती. तू ते म्हणाली न्हाईस. कुठं ठेव, कशात ठेव, कधी येतीस, काय बी न्हाय. फोन ठेवलास. मीटिंग हाय म्हणालीस.

विश्वजित, तू लई खूश होऊ नगंस. तुझ्या घरी आलते तवा तू ते प्लास्टिकातलं दाखवलंस. मी सवयीनं पाणी शिंपडलं. पाणी घरंगळून खाली फरशीवर आलं. आजीला पाणी पोचंना असं करून ठेवलंयस. आणि दारूचं नाव कापलंस! माझ्या लग्नात सासरच्यांनी गुत्तेवालीची नात म्हणून मांडवात टोमणा मारला, तवा ही आजी सगळ्यांसमोर उठून म्हणालती की व्हय, गुत्तेवालीचीच हाय, पावणं, तुमी बी माझ्या पडवीत दोनदा पडलाय, पांघरूण मीच घातलंतं. तिला लाज न्हवती, तुला कशाची? लाज वाटती तर तिचं नाव बी काढ हाटेलावरनं. सरपंच सासऱ्याचं दे.

मला एकच कळत न्हाय. साठ वरसं कुंकू लावलं, त्यात काय लिवलंय ते मला कुणी सांगितलंच न्हाय. आजी असताना मी पोर, ती गेल्यावर मोडी वाचणारं घरात कुणी ऱ्हायलं न्हाय. मग क्रांती शिकली. मी वाट बघितली. आपणहून सांगंल म्हणलं.

दोघांवर बी रागावलीया. तरी जेवत जावा वेळंवर.
तुमची आक्का

*

कोल्हापूर,
६ मार्च २०२५

ती. ताई,

नमस्कार. आक्काचं पत्र तुलाही मिळालं असेल. मी ते दोनदा वाचलं आणि तुला फोन लावायला घेतला, मग हुकूम आठवला.

तू मला चोर म्हणालीस ते मी विसरणार नाही. पन्नाशीत गेल्यावरही खंडेनवमीला काढीन. पण एक सांगतो, हसू नकोस. ट्रंकेचं झाकण उघडून बघितलं. खडूनं त्रेचाळीस लिहिलंय. आबांचा चार, तोच, पोट फुगलेला. ट्रंकेत आता काहीच नाही, झेंडूचा वास तेवढा आहे.

पट्टी परत जोडता येत नाही. कापली त्याच दिवशी केरात गेली, आणि ती मी शोधली नाही असं समजू नकोस, पण महिना होऊन गेलाय. तेव्हा पेंटरला बोलावलं. पाटीवर झुंबरबाईच्या नावाखाली लिहून घेतलं: देशी दारू, जेवण व उतारा, गंगावेस. सासरे काल येऊन बघून गेले. चहा घेतला नाही. वर्षाराणी माझ्याशी बोलत नाही, पण पेंटरला तिनंच सांगितलं की अक्षर मोठं कर, लांबून दिसत नाही. आता तूच ठरव तिच्या मनात काय आहे, मला तर लग्नाला अठरा वर्षं झाली तरी लागत नाही.

अकरा पत्रं तुला द्यायची नाहीत. स्पष्ट सांगतो. तुमच्या खोक्यात घालून, नंबर टाकून, कुलूप लावून ठेवशील, आणि मग आक्कानं बघायला यायचं झालं तर अर्ज करायचा. परवानाही आमच्याकडंच राहील, उन्हात टांगणार नाही एवढं कबूल. अकराही पत्रांचे फोटो गच्चीवर नीट उजेडात काढून पाठवलेत. चमक येऊ नये म्हणून वर्षाराणीनं छत्री धरली.

आक्का विचारतीय काय लिहिलंय. आता सांग.

काकवी निम्मी ठेवली आहे, बरणीवर रेघ मारली आहे.
विश्वजित

*

पुणे,
१४ मार्च २०२५

ती. आक्कास,

क्रांतीचा शिरसाष्टांग नमस्कार. विश्वजितला प्रत पाठवते आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की कामावर गेले नाही. नदीत! मी भिंतीला म्हणत होते, नदीत! सबंध दिवस घरात फिरत राहिले आणि तुला पत्र लिहायला बसले. चार पानं झाली. पाचव्या पानावर तो फोन आठवला. तू म्हणतेस तसाच होता. कोणत्याही अनोळखी घराला मी लेखी सूचना देते: वेगळी काढा, कोऱ्या कागदात गुंडाळा, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, मी येईपर्यंत हलवू नका. तुला मी पहिले दोन शब्द सांगितले आणि मीटिंगला गेले. मीटिंग कशाची होती तेही मला आठवत नाही. ती चार पानं फाडली.

विश्वजितची माफी मागते. लेखी मागते, म्हणजे मरायची नाही. चोर म्हणाले ते माझं चुकलं. अकरा पत्रं त्याच्याकडंच राहू देत. अर्जाचं तो म्हणतो ते खरं आहे. राग येतो, पण खरं आहे.

मोडी शिकून मला सोळा वर्षं झाली. या काळात मी किती घरांची पत्रं वाचून दिली त्याला गणती नाही. आपली का वाचली नाहीत? मला वाटायचं ती कुठं जाणार आहेत. आपल्या घरच्या कागदांना रांगेत शेवटी बसवायचं, पाहुण्यांची पंगत आधी उठू द्यायची, असंच आपल्याकडं असतं. पंगत उठेपर्यंत पातेलं रिकामं झालं. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून समजत नाही, म्हणून तो माझ्याजवळच आहे.

तू विचारलंस काय लिहिलंय. फोटो चांगले आलेत. प्लास्टिकमधूनही अक्षर लागतं, जिथं तुझं पाणी पडलं तिथं जांभळा ढग आहे, पण अंदाज येतो. अकरातलं सगळ्यात मोठं पत्र तुला उतरवून देते. हुपरीहून आलंय, बहुतेक शाळामास्तराच्या हातचं आहे.

'श्रीमती झुंबरबाई यांसी, हुपरीहून गुंडू गाडीवान याचा दंडवत. विशेष. बैलास मी पराणी टोचली ते खरे. आपण माझ्यापुढचा पेला उचलून रस्त्यात ओतलात, आणि चार गावच्या गाडीवानांदेखत म्हणालात की बैलाची जखम भरेपर्यंत ह्या उंबऱ्यात पाऊल टाकायचे नाही. मी फार रागावलो व आपणांस वाईट बोललो. त्यास तीन आठवडे झाले. जखम भरली आहे. त्या जागी केस अद्याप आले नाहीत. केस येईतो थांबावे किंवा आता यावे, हे कळवावे. शेजारचे तिघे बैल पाहून गेले, त्यांचे अंगठे खाली घेतले आहेत. दारू देत नाही म्हणालात तरी चालेल. जेवण व पडवी मिळावी. कोल्हापुरात दुसरीकडे झोप लागत नाही. बैल बरा आहे.'

खाली तीन अंगठे आहेत, आक्का. एकावर तुझं कुंकू आहे.

वाचून मी मोठ्यानं हसले आणि मग मला सोसेना. हिला पत्रं का येत होती ते मला आता कळलं. उरलेली दहाही मी वाचली. कुणी मुलगी झाली म्हणून कळवलंय, कुणी पडवीत विसरलेली घोंगडी मागितलीय, एकानं पुढच्या बाजाराला सहा जण जेवायला येणार म्हणून सांगितलंय. पुढच्या शनिवारी मी राधानगरीला येते, सगळी तुझ्यासमोर बसून वाचते. मे महिन्याची वाट बघत नाही.

पण तू पुढचं विचारशील, म्हणून आधीच सांगते. तिनं गुंडूला आत घेतलं, का केस येईपर्यंत उंबऱ्याबाहेर ठेवलं, ते या अकरांत नाही. त्याचं दुसरं पत्र मी तीन वेळा शोधलं. असेल तर ते बत्तिसांत होतं.

तुझा राग माझ्यासाठी राखून ठेव, मी येऊन घेते. माझाही अजून सरलेला नाही.

तुझी,
क्रांती